परळमधील विल्सबाई

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी भातलावणी संपत आली आणि आमच्या चुलतीने अंथरूण धरले. औंढ्यात लावणीला तिच्या हाताचा वेग सर्वांना ठाऊक. पण त्या पावसाळ्यात चार मुठी रोपे लावली की ती बांधावर जाऊन बसे. चेहरा पिवळट पडलेला, जीभ लाल व गुळगुळीत झालेली, पायांना सदैव मुंग्या. लोणावळ्यात रक्त तपासले आणि कागद हाती पडताच डॉक्टरांनी तिला पुण्यास न्यायला सांगितले. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, तिन्ही कमी. आणि ज्या पेशी दिसत होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या व बेढब. पुण्यात कमरेच्या हाडातून मगज काढून काचपट्टीवर पसरला, तर तोही मोठमोठ्या कोवळ्या पेशींनी गच्च भरलेला. रक्ताच्या कर्करोगाची शंका येते, असे आम्हांला सांगण्यात आले. पुढचे पाच दिवस आमच्या घरात चूल पेटली ती केवळ लहान मुलांसाठी.

सहाव्या दिवशी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी चुलतीच्या उशाशी बसून ती रोज काय जेवते याची बारीक चौकशी केली. चुलती माळकरी, मांस, मच्छी, अंडे वर्ज्य. घरी दोन म्हशी, पण दूध सगळे डेअरीला जाई. तिच्या वाट्याला येई ते चहापुरते. मग रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व मोजले, ते जवळजवळ नव्हतेच. इंजेक्शने सुरू झाली, आठवडाभरात रक्त सुधारू लागले, आणि दिवाळीनंतर भात झोडायला ती खळ्यावर हजर होती. कर्करोग नव्हताच.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. पेशी आणि माझा संबंध शाळेतल्या कांद्याच्या पापुद्र्यापुरता. तरीही डोळ्यांनी पाहिलेली पेशी माणसाला इतकी फसवू शकते कशी, हा प्रश्न मला सोडीना. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मैत्रिणीची पुस्तके चाळताना डॉ. लुसी विल्स हे नाव भेटले. हेच कोडे या बाईंपुढे मुंबईत, परळमध्ये, १९२८ साली उभे राहिले होते. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे, पण ज्या गिरणगावात त्यांनी ते मिळविले तेथे ते फारसे कोणाच्या तोंडी नाही. म्हणून हा लेख.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू होते आणि घरात विज्ञानाची आवड होती. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमधील शिक्षण संपवून १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. परीक्षा दिल्या, उत्तीर्णही झाल्या. परंतु पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवी देतच नसे. पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला त्या थोर विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिले. आपल्याकडील स्त्रीशिक्षणाच्या उशिराबद्दल आपण खंत करतो, तेव्हा ही गोष्टही ध्यानात असावी.

पुढची दोन-तीन वर्षे दुःखाची गेली. १९११ मध्ये वडील वारले, १९१३ मध्ये थोरली बहीण गेली. लुसीबाई आधी सिलोनला आणि नंतर दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तेथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि केप टाउनमध्ये त्यांनी काही काळ स्वयंसेवक परिचारिकेचे काम केले. वनस्पती आणि खडक यांचा अभ्यास केलेल्या या बाई तेथून परतल्या त्या डॉक्टर होण्याचे ठरवून. १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून रोगी पाहण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयात गर्भवती स्त्रियांच्या रोगांवर संशोधन करणारा एक विभाग होता, तेथे त्या रमल्या.

मुंबईला त्यांना बोलावले डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी. या बाईंनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचले होते. बाळंतपणात येथील बायका एवढ्या संख्येने का मरतात, याची चौकशी त्या वेळी हाती घेतली गेली होती आणि तिचे एक केंद्र परळची हाफकिन इन्स्टिट्यूट हे होते. गरोदरपणी होणारा तीव्र पंडुरोग हे मृत्यूचे एक ठळक कारण होते. तो तपासण्याचे काम विल्सबाईंकडे आले.

परळ त्या काळी कसे होते हे आपल्यातील पुष्कळांना आजोबा-पणजोबांच्या तोंडून ठाऊक आहे. कोकणातून, घाटावरून, आमच्या मावळातूनही माणसे पोटासाठी गिरणीत जात. भोंग्यावर उठत, चाळीतील एका खोलीत दाटीने राहत. गिरण्यांत बायकाही काम करीत. अशा वस्तीतील स्त्रिया सहाव्या-सातव्या महिन्यात पांढऱ्याफटक पडून रुग्णालयात येत. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. दिसे ते असे की तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी.

येथे थोडे थांबून या मोठ्या पेशींची हकीकत सांगितली पाहिजे. आपल्या हाडांच्या मगजात तांबड्या पेशी सतत तयार होत असतात. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार अशी त्यांची विभागणी होते, आणि प्रत्येक विभागणीपूर्वी केंद्रातील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी लागणारा माल कमी पडला तर केंद्राचे काम अडते. पेशीचा बाकीचा भाग मात्र वाढतच राहतो. परिणाम असा की पेशी थोराड, पण तिचे केंद्र कोवळे, विरळ जाळीदार. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८८० मध्ये अशा पेशींना मेगॅलोब्लास्ट, म्हणजे महाकाय अंकुरपेशी, असे नाव दिले. रक्ताच्या कर्करोगातही मगज कोवळ्या पेशींनी भरून जातो. तेथे पेशींनी वाढीचा लगाम तोडलेला असतो. येथे त्या वाढू पाहतात आणि उपासमारीने अडून राहतात. कारणे दोन टोकांची, परंतु काचेवर दोन्हींत कोवळ्या पेशींची तीच गर्दी. रोग विकोपाला गेलेला असला तर अनुभवी डोळाही चकतो. आजही बी-१२ आणि फोलेट यांची पातळी मोजल्याशिवाय अशा रोग्यावर कर्करोगाचा शिक्का मारू नये, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवितात. पांढऱ्या पेशींच्या केंद्राला पाच-सहा पाकळ्या पडलेल्या दिसल्या तर ती खूण उपासमारीकडे बोट दाखविते. आता पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा ओळखणारी यंत्रे आहेत, गुणसूत्रांची तपासणी आहे. विल्सबाईंपाशी यांतले काहीच नव्हते.

त्यांच्यापुढे फसगत होती ती जरा वेगळी. मोठ्या पेशींचा एक पंडुरोग युरोप-अमेरिकेत चांगला परिचित होता. त्याला घातक पंडुरोग म्हणत, आणि तो नावाप्रमाणेच घातक होता. काही वर्षांत रोगी हमखास मरे. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून वाचविले आणि वैद्यकजगतात खळबळ उडाली. पुढे १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. दरम्यान यकृताचा शुद्ध केलेला अर्क निघाला होता. परळच्या स्त्रियांच्या काचपट्ट्या त्या घातक पंडुरोगाच्या काचपट्ट्यांशेजारी ठेवल्या तर निवड करणे अवघड. म्हणून या रोगालाही गरोदरपणातील घातक पंडुरोग असे नाव पडले होते. नाव दिले की रोग कळला, असे वाटू लागते.

विल्सबाईंना तसे वाटले नाही. पेशी सारख्या असल्या तरी माणसे सारखी नव्हती. घातक पंडुरोग हा मुख्यतः उतारवयातला. येथे तरुण बायका. तिकडच्या रोग्यांच्या जठरात आम्ल नसे, येथल्या स्त्रियांच्या जठरात ते बहुधा असे. तिकडे मज्जातंतू बिघडून हातपाय बधिर होत, येथे तसे आढळेना. प्रथम त्यांनी एखाद्या जंतूचा किंवा जंताचा उपद्रव असेल म्हणून शोध घेतला. काही हाती लागले नाही. मग त्या काचपट्टीवरून उठल्या आणि वस्तीत शिरल्या. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. घरात काय शिजते, भाजी किती येते, दूध कोणाच्या वाट्याला जाते, असे प्रश्न त्यात होते. या प्रश्नांची उत्तरे आपल्या आयांनी कशी दिली असती हे सांगायला नको. घरधन्याचे आणि मुलांचे झाल्यावर जे उरेल ते तिचे. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान स्त्रियांचा निघाला आणि या रोगाचे प्रमाणही त्यांच्यातच सर्वाधिक निघाले. ज्यांचे ताट बरे, त्यांचे रक्त बरे.

आता हे प्रयोगाने सिद्ध करायचे होते. १९२९ मध्ये बराच काळ त्या निलगिरीतील कुन्नूर येथे होत्या. आहारशास्त्रावरील मॅकॅरिसन यांची प्रसिद्ध प्रयोगशाळा तेथे होती. मुंबईच्या गरीब स्त्रियांचेच अन्न त्यांनी पांढऱ्या उंदरांना दिले. गाभण माद्या पंडुरोगी होऊन विण्यापूर्वीच मेल्या, आणि अन्नात यीस्ट मिसळले तेव्हा रोग टळला. निकाल सुरेख दिसत होता. पण पुढे लक्षात आले की उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांमधून पसरणारा एक जंतू स्वतःच उंदरांना पंडुरोग देत होता. म्हणजे हीसुद्धा फसगतच! वर्षाची मेहनत उवांनी खाल्ली असे म्हणून दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. विल्सबाईंनी उंदीर सोडून माकडे घेतली. माकडांना तसाच निकृष्ट आहार दिल्यावर त्यांच्या रक्तातही त्याच मोठ्या पेशी दिसू लागल्या. त्यातल्या एका मरणपंथाला लागलेल्या माकडाला, उपाय खुंटल्यावर, त्यांनी मार्माइट चारले, आणि ते पाहता पाहता सुधारले.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट, डांबरासारखा दिसणारा अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. १९०२ पासून तो इंग्लंडमध्ये तयार होत असे आणि फार स्वस्त होता. चवीबद्दल न बोललेले बरे. पण यकृत विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, ज्यांच्यापैकी कित्येकींना ते धर्माने वर्ज्य होते, त्यांच्यासाठी मांसविरहित आणि स्वस्त औषध सापडणे ही केवढी गोष्ट होती! परळच्या आजारी स्त्रियांना मार्माइट देताच थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने उतरू लागल्या. चालता न येणाऱ्या बायका उठून बसल्या. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्सबाईंनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे मोठ्या पेशींचा बुरखा खऱ्या अर्थाने फाटला. घातक पंडुरोगाला हमखास बरा करणारा यकृताचा शुद्ध अर्क विल्सबाईंनी आपल्या रोग्यांना आणि माकडांना दिला, तर गुण येईना. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला, तर गुण आला. म्हणजे शुद्ध करताना यकृतातून काहीतरी गाळले जात होते, आणि परळच्या स्त्रियांना नेमके तेच हवे होते. दिसायला एकच असलेले हे रोग दोन निराळे होते. १९३७ मध्ये क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासह त्यांनी हा नवा घटक असल्याचे मांडले. तो काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. लोक त्याला विल्स घटक म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले. १९४५ च्या सुमारास लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्स घटक तो हाच, असे ठरले. शुद्ध अर्कात जे उरत होते ते बी-१२. तेही १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले. या दोन भावंडांत एक धोका आहे. बी-१२ कमी असलेल्या रोग्याला नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, काचपट्टी स्वच्छ दिसते, आणि आतल्या आत मज्जातंतूंचा नाश मात्र चालूच राहतो. परळच्या स्त्रियांना फोलेट हवे होते, माझ्या चुलतीला बी-१२. काचेखाली दोघी एकच दिसल्या असत्या. तिच्या पायांच्या मुंग्यांची चौकशी डॉक्टरीणबाईंनी दोनदा का केली, हे मला तेव्हा उमगले.

फोलिक आम्लाची गोष्ट येथून पुन्हा रक्ताच्या कर्करोगाकडे वळते. बोस्टनमध्ये लहान मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे सोबती असे. विल्सबाईंच्या औषधाने मगजातील अडलेल्या पेशी वाढीला लागतात, तर ते कर्करोगी मगजालाही ताळ्यावर आणील, असा विचार तेव्हा स्वाभाविक होता. फार्बर यांनी या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची औषधे दिली. रोग कमी होण्याऐवजी बळावल्यासारखा दिसला. पेशींच्या चेहऱ्यातील साम्याने येथे पुन्हा एकदा चकविले होते. पण त्या चुकीतून फार्बर यांनी उलटा धडा घेतला. फोलेटने या पेशी पोसल्या जात असतील तर त्यांना फोलेट मिळू न देणारे औषध द्यावे. ते औषध, अमिनोप्टेरिन, सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतूनच आले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यांपैकी १० मुलांना काही काळ स्पष्ट उतार पडला होता. ती मुले पुढे वाचली नाहीत, पण औषधाने हा रोग मागे हटतो हे प्रथमच दिसले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. दोनच महिन्यांनी सुब्बाराव वारले.

परळमध्येही एक योगायोग घडला. विल्सबाईंचा लेख छापून आला त्याच जून १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या स्मृतीचा धागा धरून उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये, हाफकिनपासून थोड्याच अंतरावर उघडले.

विल्सबाई १९३३ नंतर लंडनला परतल्या होत्या, पण मुंबई सुटली नव्हती. १९३७ च्या ऑक्टोबरात त्या पुन्हा आल्या त्या विमानाने, तेही पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. साउदॅम्प्टनहून निघून ठिकठिकाणी पाण्यावर उतरत, वाटेत पाच मुक्काम करीत ते कराचीला पोचले, आणि तेथून दुसऱ्या विमानाने मुंबई. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच होत्या. १९४४ च्या जुलैत उडत्या बॉम्बचा तडाखा बसला, माणसे दगावली, त्यांच्या विभागाचे काम काही काळ खंडित झाले. त्याच दिवसांत रेशनच्या अन्नावर असलेल्या गर्भवतींना नियमाने लोह दिल्याचा काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत रॉयल फ्रीमध्ये विकृतिशास्त्राची धुरा त्यांच्याकडे होती आणि तेथील रक्तशास्त्राचा पहिला विभाग त्यांनीच उभारला.

त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढण्याचा आणि बर्फावरून घसरत जाण्याचा त्यांना नाद होता. कामावर जाताना मोटारीऐवजी सायकल असे. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्या तेथील लोकांचे अन्न आणि रक्त पाहत राहिल्या. शेवटची दहा वर्षे मजूर पक्षाच्या वतीने चेल्सीच्या स्थानिक सभेत त्या निवडून गेल्या होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने दाखविले की गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ प्रमाणात टळतात. हे पाहायला त्या नव्हत्या.

आमच्याकडे आशाताई गरोदर बायकांना लोह आणि फोलिक आम्लाच्या लाल गोळ्या वाटते. भारतात अशा गोळ्या देण्याची योजना १९७० पासून आहे. पुष्कळ जणी त्या फळीवर ठेवून देतात, मळमळते म्हणतात. चुलती आता त्यांच्यामागे लागते. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा आणि भारंगी खुडून आणते आणि पूर्वीसारखी तासभर शिजवीत ठेवीत नाही, कारण फार शिजविले की पाल्यातले फोलेट नाहीसे होते असे मी तिला वाचून दाखविले आहे. आणि संध्याकाळच्या धारेतले एक भांडे डेअरीच्या किटलीत न ओतता ती बाजूला काढून ठेवते.